पावसाविना मृद्गंध

२००९ साली बंगळुरूच्या ‘सृष्टी’ या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी ई. कोलाय या जीवाणूकडून पहिल्या पावसाचा वास काढून घेतला. संघाचं नाव ‘आर्टसायन्स बँगलोर’, कृतीचं नाव ‘टीनएज जीन पोएम्स’. ही मुलं जीवशास्त्राची नव्हती. त्यांच्या पाठीशी यशस शेट्टी हे कलावंत-शिक्षक होते आणि प्रयोगशाळेच्या अंगानं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले, म्हणजे एनसीबीएसमधले, मुकुंद थट्टाई. ही कृती घेऊन संघ अमेरिकेत एमआयटीला आयजेम या स्पर्धेत उतरला. जनुकं जोडून जीवाणूंना नवीन कामं शिकवायची, ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. एमआयटीत २००३ च्या जानेवारीत एक छोटा अभ्यासवर्ग म्हणून ती सुरू झाली, २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली आणि २००९ पर्यंत संघांची संख्या शंभरावर गेली. तिथे बहुतेक संघ काहीतरी उपयोगाचं घेऊन येतात: पाण्यातलं विष ओळखणारा जीवाणू, औषध बनवणारा, तेल खाणारा. या मुलांनी नेला तो नुसता एक वास.

त्यांनी स्वतःच या कामाला कविता म्हटलं आहे. तेव्हा कवितेला लावतो ते सगळे निकष तिला लावायला हरकत नसावी, आणि जिथे फसली असेल तिथे फसली म्हणायलाही. वाचक म्हणून माझी एकच पात्रता: मी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मुकुंदवाडीत राहतो, आणि मराठवाड्यात या वासाचे वाचक घरोघरी आहेत.

आधी संहिता पाहू. जनुकाची ओळ ठरावीक दिशेनं वाचली जाते. सुरुवातीला प्रवर्तक, म्हणजे ‘इथून वाचायला लागा’ असं पेशीला सांगणारा डीएनएचा छोटासा तुकडा. मग प्रथिनं बनवणारं यंत्र, रायबोसोम, जिथे येऊन बसतं ती जागा. मग खुद्द मजकूर. आणि शेवटी समापक, आपला पूर्णविराम. आयजेमच्या जगात हे तुकडे सुटे मिळतात. टॉम नाइट या एमआयटीतल्या संगणकवाल्यानं त्यांची दोन्ही टोकं एकसारखी करायची युक्ती काढली, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता येतो. या सुट्या भागांचा एक सामायिक संग्रह आहे. दर वर्षीचे संघ त्यातून घेतात आणि आपले नवे भाग त्यात टाकतात. म्हणजे ही कविता मुळातच उसन्या शब्दांची. पण तसं तर आपलीही सगळ्यांची असते.

मजकूर कोणता? पावसानंतर मातीतून येणाऱ्या वासात जिओस्मिन नावाच्या रेणूचा वाटा मोठा असतो. तो बनवणारं विकर, आणि ते विकर सांगणारं जनुक, हा मजकूर. मूळ मालक स्ट्रेप्टोमायसिस, मातीत बुरशीसारखे धागे पसरून राहणारे जीवाणू. यांच्यापैकी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर ही जात शास्त्रज्ञांच्या सगळ्यात ओळखीची. २००२ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि त्यात ७,८०० च्या वर जनुकं निघाली. एवढ्या मोठ्या ग्रंथातून मुलांनी घेतलं ते एकच जनुक, सुमारे २,२०० अक्षरांचं. बाकीचं सगळं, स्ट्रेप्टोमायसिसची प्रतिजैविकं, त्याचे रंग, त्याची बीजाणूंची व्यवस्था, तिथेच सोडून दिलं.

एका जनुकावर भागलं कसं, हे समजून घेतलं की या ओळीची गंमत कळते. जिओस्मिनचं रहस्य ब्राउन विद्यापीठाचे डेव्हिड केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमारास उलगडलं. हे विकर ७२६ अमिनो आम्लांचं आहे आणि त्याचे दोन अर्धे दोन वेगळी कामं करतात. कच्चा माल म्हणजे फार्नेसिल डायफॉस्फेट, पंधरा कार्बनची एक लांब साखळी. पहिला अर्धा या साखळीच्या टोकाचा फॉस्फेटचा जोड तोडतो आणि तिला वळवून कडं करतो. अजून कार्बन पंधराच. मग हा अर्धवट झालेला रेणू दुसऱ्या अर्ध्याकडे जातो. तो कड्याला आतून सांधून एकमेकांना चिकटलेली दोन कडी करतो, आणि ते करताना तीन कार्बनचा एक तुकडा बाहेर फेकतो. हा फेकलेला तुकडा म्हणजे ॲसिटोन, नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं तेच. पंधरातून तीन गेले, बारा उरले. हे बारा म्हणजे मातीचा वास.

आता कच्च्या मालाचं बघा. ती पंधरा कार्बनची साखळी ई. कोलाय स्वतःच बनवतो, थोडीशी, स्वतःच्या कामासाठी. पेशीची भिंत बांधताना विटा वाहून न्यायला जो रेणू लागतो, तो याच साखळीपासून लांबवत नेलेला असतो. पावसाशी, मातीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण माल घरात होताच. परकी ओळ आली, तिनं घरातलाच माल उचलला आणि त्यातून असा अर्थ काढला, जो त्या घरात कोणी कधी काढला नव्हता. कमीत कमी शब्दांत सगळ्यात जास्त ध्वनी, याला आपल्याकडे कवितेचा मोठा गुण मानतात. तो इथे अक्षरशः मोजता येतो: एक जनुक.

हे किती काटकसरीचं आहे हे कळायला शेजारी दुसरी कविता ठेवून बघावी. २००६ साली एमआयटीच्याच विद्यार्थ्यांनी ई. कोलायला सुगंधी करायचं ठरवलं. ई. कोलाय जात्याच घाण वासाचा, मुख्यतः इंडोल या रेणूमुळे. त्या मुलांनी म्हणून आधी इंडोल न बनवणारा वाण घेतला, म्हणजे कागद कोरा करून घेतला. मग पेटुनियाच्या फुलातलं एक जनुक घालून विंटरग्रीनचा वास काढला, आयोडेक्स चोळल्यावर येतो तो. यीस्टमधलं दुसरं जनुक घालून पिकल्या केळ्याचा वास काढला. कच्चा माल पेशीत पुरेसा नव्हता म्हणून तोही बनवणारी आणखी जनुकं जोडायची तयारी केली. आणि या सगळ्यावर एक चलाखी: जीवाणू जोमानं वाढत असतील तेव्हा विंटरग्रीन, वाढ थांबली की केळं. एकच प्रवर्तक, ओस्मवाय नावाचा, जो उपासमार झाली की जागा होतो. केळ्याच्या जनुकापुढे तो सरळ लावला, विंटरग्रीनच्या पुढे उलटवून. म्हणजे फ्लास्कचं झाकण उघडून हुंगलं की आतली वसाहत कोणत्या वयात आहे ते कळतं.

रचनेच्या अंगानं ही एमआयटीची कविता बंगळुरूच्या कवितेहून सरस आहे, हे मान्यच करायला हवं. तिला दोन कडवी आहेत, मध्ये वळण आहे, काळ आहे. पण तिचे वास कशाचेच नाहीत. केळ्याचा वास येतो आणि केळं आठवतं, तेवढ्यावर थांबतं. विंटरग्रीनचं तर आपल्याकडे दुखऱ्या गुडघ्यापलीकडे काही नाही. कारागिरी बघून आपण मान डोलावतो. बंगळुरूची एकच ओळ आहे, साधी आहे, आणि तरी ती वाचणाऱ्याला गप्प करते. विंदा करंदीकरांनी १९५४ साली आपल्या संग्रहाला ‘मृद्गंध’ हे नाव दिलं तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. या भूभागात तो वास वाचकाच्या अंगात आधीच लिहिलेला असतो. मुलांनी ते हेरलं. निवड हीच त्यांची प्रतिभा.

त्याच २००९ साली स्पर्धा जिंकली ती केंब्रिजच्या ‘ई. क्रोमाय’ या संघानं. त्यांनी जीवाणूंना रंग दिले, लाल, पिवळे, तपकिरी, जांभळे, आणि हे रंग पुढे विषारी द्रव्यं ओळखणाऱ्या जीवाणूंना वापरता येतील असं मांडलं. त्यांच्यासोबतही दोन डिझायनर होते, अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग आणि जेम्स किंग. म्हणजे कला त्या वर्षी दोन दारांनी आत आली. एका दारानं ती उपयोगाला हात देत आली, दुसऱ्यानं हात हलवत. मला दुसरी जास्त आवडते, हे सांगून टाकतो. उपयोगाची टोपी घातल्याशिवाय ज्ञानाच्या मांडवात शिरायचं नाही, ही सक्ती आपल्या विद्यार्थ्यांवर इतकी आहे की कुणी ती टोपी काढून आलं की बरं वाटतं.

अर्थाकडे येऊ. न्याय-वैशेषिक दर्शनानं गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला. पाण्याला स्वतःचा गंध नाही, आला तर तो पृथ्वीच्या मिसळण्यानं. ‘मातीचा वास’ म्हणताना आपण नकळत हेच बोलत असतो. या कृतीनं त्या समजुतीला धक्का दिला. माती बाजूला काढली, पाऊस बाजूला काढला, ढग, वारा, ऊन, सगळं काढलं, आणि काचेच्या फ्लास्कमध्ये, पिवळसर रश्श्यात, तोच वास ठेवला. म्हणजे गंध पृथ्वीचा नव्हे, पृथ्वीत राहणाऱ्या कुणाचा तरी. धरणी, माती, आई वगैरे ज्या प्रतिमा आपण या वासाभोवती गोळा केल्या, त्यांच्या जागी एक धागेदार जीवाणू येऊन बसतो. हे ऐकून कुणी हिरमुसेल. मला उलट वाटतं. इतकी वर्षं एखादं गाणं निनावी म्हणून म्हणत होतो आणि आज कवीचं नाव कळलं.

न्यायानं सांगायचं तर मुलांनी वासाचं पूर्ण चित्र घेतलेलं नाही. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेअर आणि थॉमस या दोघांनी या वासावर लिहिलं आणि त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्यांचा भर होता तो उन्हाळ्यात दगडमातीत मुरलेल्या वनस्पतींच्या तेलांवर. विजांच्या गडगडाटात ओझोनचाही वास मिसळतो. जिओस्मिनला १९६५ साली गर्बर आणि लेशेव्हालिए यांनी वेगळं काढून नाव दिलं. म्हणजे पहिल्या पावसाच्या वासात निदान तीन आवाज आहेत, आणि या मुलांनी त्यातला एकच घेतला, सगळ्यात खालचा, ओला. तो पुरतो, कारण माणसाचं नाक या एका रेणूसाठी विलक्षण तिखट आहे. एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग जिओस्मिन असलं तरी कित्येकांना ते कळतं.

हे तिखटपण आपल्या स्वयंपाकघरातही आहे. बीट कापलं की मातीसारखा वास येतो तो हाच. कितीही धुतलं तरी जात नाही, कारण तो चिकटलेल्या मातीचा नसून बिटाच्याच अंगातला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाला कधी गढूळ चव लागते, त्यामागेही बऱ्याचदा हाच रेणू असतो, तळ्या-धरणांतल्या सूक्ष्मजीवांकडून माशाच्या चरबीत उतरलेला. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे लिंबू नाही तर चिंच. उपाय बरोबर आहे, कारण आंबटात जिओस्मिन मोडतं आणि मोडून जे बनतं त्याला वास नसतो. आमच्याकडे काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याला असा वास आला तर लोक पहिली तक्रार महापालिकेच्या नावानं करतात. जूनमध्ये अंगणात ज्याला डोळे मिटून दाद देतो, तोच रेणू ग्लासात आला की ओकारी. रेणूच्या अंगी रस नाही. रस प्रसंगात आहे. आणि नेमकी इथेच ही कविता अडचणीत येते.

ती अडचण अशी. स्ट्रेप्टोमायसिस हा वास उगाच सोडत नाही. अन्न संपत आलं, दिवस कठीण आले की हा जीवाणू मातीच्या वर उभे धागे काढतो, त्यांचे बीजाणू करतो आणि पुढच्या चांगल्या दिवसांची वाट बघत बसतो. जिओस्मिनचं जनुक या बीजाणूंच्या कारभाराला बांधलेलं आहे. २०२० मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या वासाकडे स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवले उडीबाज प्राणी ओढले जातात. ते येतात, जीवाणूला खातात, आणि बीजाणू अंगावर आणि पोटात घेऊन दुसरीकडे नेऊन टाकतात. म्हणजे ज्या पत्रावर आपण हजारो वर्षं जीव टाकत आलो, ते आपल्या नावानं आलेलंच नव्हतं. पत्ता स्प्रिंगटेलचा होता. त्यातला मजकूर काहीसा असा: इथलं संपलं आहे, मला घेऊन चला.

२००९ च्या मुलांना हे सगळं ठाऊक असणं शक्य नव्हतं. स्प्रिंगटेलचं संशोधन अकरा वर्षांनी आलं. पण कृती कवीच्या माहितीपुरती नसते, तेव्हा आज वाचताना मी हे बाजूला ठेवू शकत नाही. त्यांनी ओळ उचलली, तिच्या मागचं ‘का’ उचललं नाही. ई. कोलायच्या फ्लास्कमध्ये काही कठीण नाही. ३७ अंशांची ऊब, हलतं पाणी, भरपूर साखर-प्रथिनं, दर वीस मिनिटांनी दुप्पट. आणि या सगळ्या सुकाळात तो उपासमारीचा वास सोडतो आहे. व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर, पण बोलणाऱ्याला दुःख नाही.

आणखी एक विरोधाभास, जो संहितेच्या खाली दडलेला आहे. बाहेरून घातलेलं जनुक जीवाणू आपणहून सांभाळत नाही. ओझं म्हणून टाकून देतो. म्हणून अशा प्रयोगांत रश्श्यात प्रतिजैविक घालतात आणि परक्या जनुकाबरोबर त्या प्रतिजैविकातून वाचवणारं दुसरं जनुक जोडून देतात. ज्यानं परकी ओळ टाकली तो मेला. आता यासाठी सर्रास वापरतात त्यातलं कॅनामायसिन आणि क्लोरँफेनिकॉल ही दोन्ही मुळात स्ट्रेप्टोमायसिसच्याच जातींनी बनवलेली. म्हणजे मातीतली ओळ परक्या घरात टिकवायला धाक पुन्हा मातीतल्याच नातेवाइकांचा. महाराष्ट्राला हे कुळ नवं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार यांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं, ते स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जातीतून. एका जीवाणूच्या नावात आपलं पिंपरी जाऊन बसलं आहे. आणि जनुक घातलेला सूक्ष्मजीव म्हणाल तर तो आमच्या शहरालाही नवा नाही. वोक्हार्टनं २००३ साली ‘वोसुलिन’ या नावानं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, ते यीस्टकडून करवून घेतलेलं, आणि त्या कंपनीचं बायोटेक पार्क इथेच आहे. पण इन्सुलिन बनवणाऱ्या यीस्टला कविता म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिथे दर थेंबाला हिशेब आहे.

मराठवाड्यातला वाचक या कृतीत आणखी एक गोष्ट वाचतो, जी बंगळुरूच्या मुलांनी कदाचित लिहिलीही नसेल. वास म्हणजे पाऊस नव्हे, हे इथे शिकवावं लागत नाही. २०१५ मध्ये एमआयटीच्याच जंग आणि बुई या दोघांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपून दाखवलं की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेतलेले बारीक तुषार हवेत उडवतात. आणि हे तुषार जोरदार सरीपेक्षा हलक्या-मध्यम पावसात जास्त उडतात. नीट वाचा: वास सगळ्यात जास्त तेव्हा येतो, जेव्हा पाऊस बेताचा असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाची एक सर येते, रान घमघमतं, माणूस तिफण बाहेर काढतो, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं, आणि दुबार पेरणी. कृषी खातं दर वर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा आकडा म्हणजे एका अर्थी नाकाविरुद्धचा सरकारी हुकूम आहे.

पावसाविना पाऊस आणण्याचा प्रयत्नही आम्ही जवळून बघितला आहे. २०१५ च्या दुष्काळात, आणि पुन्हा २०१९ मध्ये, कृत्रिम पावसाचा प्रयोग औरंगाबादेतून झाला. रडार विभागीय आयुक्तालयावर बसवलं आणि विमानं उडायची ती चिकलठाणा विमानतळावरून, म्हणजे मुकुंदवाडीला लागूनच. पंखांना क्षारांच्या नळकांड्या बांधलेली ती लहान विमानं ढग शोधत जायची आणि खाली लोक पेपरात वाचायचे की आज कुठल्या तालुक्यात किती पडला, आणि त्यातला किती विमानाचा, किती देवाचा. या दोन प्रयोगांची तुलना मला मोहात पाडते. एकानं वास सोडून पाऊस आणायला बघितला, दुसऱ्यानं पाऊस सोडून वास आणला. विमानाला यश आलं की नाही यावर वाद घालता येतो, घातलाही गेला. फ्लास्कवर वाद नाही, कारण फ्लास्कनं काही कबूल केलेलंच नव्हतं.

इथे कन्नौजचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. पावसाविना मृद्गंध ही कल्पना या मुलांच्या कितीतरी आधी उत्तर प्रदेशातल्या अत्तरवाल्यांची. भाजलेल्या मातीची ढेकळं तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर तापवायची, वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची, आणि तेल त्या वासानं भिजत जाईपर्यंत हेच करत राहायचं. मिट्टीचं अत्तर. बेअर आणि थॉमस यांनीही आपल्या लेखात या भारतीय अत्तराची दखल घेतली होती. कन्नौजचा कारागीर वास पकडतो आणि बुचात बंद करतो. तो दरवेळी थोडा उडतो, बाटली संपते. बंगळुरूचा वास संपत नाही, कारण बाटलीतला कारागीर जिवंत आहे आणि वीस मिनिटांत स्वतःची दुसरी प्रत काढतो. पण अत्तराला भाजल्या मातीचा, तांब्याचा, चंदनाचा इतिहास चिकटलेला आहे. फ्लास्कला फक्त वर्तमान आहे. म्हणून अत्तर लावून माणूस बाहेर पडू शकतो, आणि हा फ्लास्क प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नेता येत नाही. जनुकबदल केलेला जीवाणू मोकळा सोडायचा नाही, प्रयोग संपला की तापलेल्या वाफेच्या दाबाखाली मारून टाकायचा, हा नियम आहे आणि योग्य आहे. मागे उरतो तो डीएनए, फ्रीजमध्ये. नाटकाची संहिता उरावी आणि प्रत्येक प्रयोगाला नट नवा आणावा, तसा.

शीर्षकाबद्दल थोडं. ‘टीनएज’ या शब्दात एक उर्मटपणा आहे, आणि तो खोटा नाही. प्रौढ कवीनं या वासाला हात लावला असता तर त्याच्यावर आईची, गावाची, गेलेल्या दिवसांची चार-पाच पुटं चढवली असती. या मुलांनी पुटं चढवली नाहीत. उलट एक सोलून काढलं. स्मरणरंजनाचा सगळ्यात हुकमी माल हाती असताना त्यांनी तो माल कुठून येतो ते उघडं केलं, एवढ्यासाठी मी ही कृती पुन्हा पुन्हा वाचतो. तिच्यात भाबडेपणा आहेच, पण तो भावनेचा नाही. जीवाणूकडून हवं ते म्हणवून घेता येतं, या विश्वासाचा आहे. तोही त्या वयाला शोभतो.

मात्र पुढचा खर्डा कुणीतरी लिहायला हवा, आणि तो कसा असावा हे या दोन कविता शेजारी ठेवल्यावर दिसू लागतं. एमआयटीच्या केळ्यापुढचा प्रवर्तक, ओस्मवाय, काढून बंगळुरूच्या जनुकापुढे लावायचा. मग ई. कोलाय भरल्या पोटी गप्प बसेल आणि उपासमार झाली की मातीचा वास सोडेल, साधारण स्ट्रेप्टोमायसिस सोडतो त्याच वेळी. ओळीला तिचं ‘का’ परत मिळेल. काम अवघड नाही. दोन्ही तुकडे जगाला माहीत आहेत. विद्यापीठात, कॉलेजांत जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं आमच्या शहरातही आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती लागेल, तिची परवानगी लागेल, आणि आयजेमला जायचं तर डॉलरमधली नोंदणी फी लागेल. स्पर्धा सोडून दिली तरी कवितेचं काही अडत नाही. खरी मेहनत दुसरीकडे आहे. वास आणणं ही सोपी कसोटी, तो योग्य वेळेपर्यंत न येऊ देणं ही अवघड. कारण कुठलाही प्रवर्तक बंद असतानाही थोडा गळतो, आणि एक लाख कोटीत पाच भाग ओळखणाऱ्या नाकापासून तेवढी गळतीही लपत नाही.